कोरडा खड्डा

वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी मावशी पुन्हा विद्यार्थिनी झाली, तेव्हा घरात कुणी नाक मुरडलं नाही, पण हसू मात्र सगळ्यांनी दाबलं. सगळे म्हणजे दोघंच: नवरा आणि परगावी राहणारी लेक. मावशी हे नावही तिला वर्गातच मिळालं. फोटोग्राफीच्या संध्याकाळच्या वर्गात अठरा जण होते आणि त्यातले सतरा तिच्या निम्म्या वयाचे. पहिल्या दिवशी बाकावर शेजारच्या मुलीनं "मावशी, जरा सरकता का?" म्हटलं, मावशी सरकली, आणि नाव जे चिकटलं ते सुटलंच नाही. सरही मावशीच म्हणायचे. पुढे पुढे तर घरी फोन आला की नवराही हाक मारायचा, "अहो मावशी, तुमच्या वर्गातून फोन!"

तिचा धंदा शिवणाचा. घराच्या पुढच्या खोलीत मशीन, आणि दिवसभर लोकांचे कपडे सैल करणं, घट्ट करणं, चेन बदलणं, पॅन्टची लांबी उसवून पुन्हा घालणं. नवं काही शिवायचं तिनं कधीच सोडून दिलं होतं. "लोक जाड होतात, बारीक होतात, त्यावर माझं बरं चाललंय," असं म्हणायची. लेकीनं नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना आईकडे टाकून गेली. तो महिनाभर कपाटात पडून होता. एका रिकाम्या दुपारी मावशीनं तो बाहेर काढला आणि मशीनच्या सुईचा फोटो घेतला. सुई दिसली नाही. मागच्या भिंतीचा पोपडा मात्र स्वच्छ दिसला. हे काही तिला सहन झालं नाही. जिनं जन्मभर सुईत दोरा ओवला तिला सुईच दिसू नये म्हणजे काय! पुढच्या आठवड्यात तिनं वर्गात नाव घातलं.

पहिला प्रकल्प होता एकच वस्तू आणि तिचे दहा फोटो. पोरांनी गिटार आणली, बूट आणले, एकानं मोटरसायकल वर्गाच्या दारापर्यंत आणली. मावशीनं पिशवीतून कात्री काढली. सरांना सर्दी कायमची आणि मत प्रत्येक गोष्टीवर, पण कात्रीच्या सातव्या फोटोपाशी ते थांबले, नाक पुसलं आणि म्हणाले, "मावशी, हिला भूक लागलेली दिसतेय." दुसरा प्रकल्प होता हातांचा. गिऱ्हाईक पॅन्ट घालून आरशासमोर उभं राहतं तेव्हा त्याचे हात कमरेशी काय काय करतात, ते तिनं टिपलं. कुणी पोट झाकत होतं, कुणी पट्टा वर ओढत होतं, कुणी उगाच चेनशी खेळत होतं. तोंडं कुणाचीच नव्हती, तरी वर्गातली मुलं सांगू लागली, हा लाजाळू, हा भांडकुदळ, हा नवा नवरा.

तिसरा प्रकल्प शेवटचा. विषय रात्र, फोटो बारा. त्याच्यावर पदविका मिळणार होती.

रात्र म्हटल्यावर मावशीला दुसरं काही सुचलंच नाही. तिचा नवरा एकतीस वर्षं रात्रीच कामाला जात होता.

तो पाणीखात्यात होता आणि खात्यात त्याला सगळे कानसेन म्हणत, कारण त्याचं काम ऐकण्याचं. जमिनीखाली नळ फुटला की पाणी दर वेळी वर येतंच असं नाही. ते मुकाट्यानं मातीत जिरत राहतं, महिनोन् महिने. ते हुडकायचं तर शहर गप्प झाल्यावर लोखंडी कांब घेऊन निघायचं. कांबेचं एक टोक रस्त्यातल्या व्हॉल्व्हवर टेकवायचं, दुसऱ्या टोकाला लाकडाची वाटी असते ती कानाला लावायची, आणि उभं राहायचं. गळती असली तर लोखंडातून तिचा आवाज चढत येतो. एका व्हॉल्व्हवर ऐकायचं, दुसऱ्यावर ऐकायचं, कुठे मोठा, कुठे बारीक, ते मनात जुळवायचं आणि रस्त्यावर पिवळ्या रंगानं फुली मारायची. सकाळी मुकादमाची माणसं तिथे खोदतात. पाणी लागलं तर ठीक. नाही लागलं तर खात्याच्या वहीत दोन शब्द पडतात: कोरडा खड्डा. प्रत्येक ऐकणाऱ्याच्या नावावर असे दहावीस असतातच. कानसेनच्या नावावर गेल्या तेवीस वर्षांत एकही नव्हता.

मावशीला या सगळ्यातलं ठाऊक होतं ते एवढंच, की त्याच्या उजव्या कानाच्या पाळीला घट्टा पडलाय आणि दूध उतू जायच्या आधी तो दुसऱ्या खोलीतून "गॅस!" म्हणून ओरडतो. रात्री दहाला तो निघायचा, सकाळी सहाला यायचा, आणि एकतीस वर्षांत त्याला काम करताना तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. आता पाहायचं तर आत्ताच. त्याच्या निवृत्तीला दोन आठवडे उरले होते आणि त्याच्या जागी माणूस नाही, यंत्रं येणार होती.

"मी येऊ का तुमच्याबरोबर?" सकाळी चहा देताना तिनं विचारलं.

"कुठे?"

"कामावर. फोटो काढायला."

"तिथे काय बघणारेस? एक म्हातारा रस्त्याला कान लावून उभा असतो."

"तेच बघायचंय."

"अगं, लोक आधीच मला वेडा समजतात. जोडीनं उभे राहिलो तर त्यांची खात्री पटेल."

मुकादमानं परवानगी दिली, पण अटी घातल्या. "वहिनी, तो ऐकत असताना बोलायचं नाही, चालायचं नाही. खोकला आला तर गिळायचा."

पहिल्या रात्री मावशीनं फ्लॅश मारला. रस्ता पांढराफटक पडला आणि कानसेन कांबेसकट दोन पावलं मागे सरकला.

"अगं, वीज पडली की काय! आता पाच मिनिटं काही दिसायचं नाही मला."

"तुम्हाला ऐकायचंय ना? दिसायला कशाला हवंय?"

"आणि पाय कुठे टाकायचा ते काय कानानं बघू?"

ते फोटो सरांनी भराभर सरकवले. चोर पकडल्यावर काढतात तसला नवऱ्याचा चेहरा, आणि मागे काळी भिंत. "मावशी, रात्रीचे फोटो आणा म्हटलं होतं. तुम्ही रात्र मारून आणलीत." मग त्यांनी सर्दीसकट तासभर बसून समजावलं. फ्लॅश घरी ठेवा. कॅमेरा ट्रायपॉडवर लावा आणि शटर उघडं सोडा, एक मिनिट, दोन मिनिटं, लागेल तेवढं. दिव्याचा जो काही थोडा उजेड आहे तो हळूहळू आत येऊन साठू द्या. जे हलेल ते पुसलं जाईल, जे थांबेल ते उमटेल. कॅमेरा केसभरही हलता कामा नये. वारा असला तर ट्रायपॉडच्या मधल्या हुकाला वजन लटकवा.

"घाई नको," सर म्हणाले.

"घाईचं काम मी गिऱ्हाइकाचंही घेत नाही," मावशी म्हणाली.

ती शिकली, आणि शिकली ती आपल्या पद्धतीनं. अंधारात कॅमेऱ्याची बटणं दिसत नाहीत म्हणून दुपारी डोळ्यांना फडकं बांधून ती बटणं चाचपायची, जशी कधीकाळी बॉबिन न बघता बसवायला शिकली होती. दिव्यापासून किती पावलांवर किती सेकंद, हे तिनं कापडाच्या मापासारखं वहीत उतरवलं. वजनाला वाळूची पिशवी कुठून आणायची, म्हणून पाण्याचा पाच लिटरचा कॅन मानेपर्यंत भरून हुकाला अडकवू लागली. तहान लागली तर पाणीही हाताशी.

पहिल्या चार रात्रींत तिनं काय काय पाहिलं! सायकलवाला गेला तो फोटोत नव्हताच. त्याच्या मागच्या दिव्याचा लाल दोरा तेवढा रस्त्यावर शिवलेला होता. कुत्रं धुरासारखं आलं. दोन माणसं भांडत गेली, त्यांचं नावनिशाण उमटलं नाही. आणि या सगळ्या पुसलेल्या रस्त्यात एकच माणूस रेघ न् रेघ स्वच्छ उभा होता: कांबेवर किंचित झुकलेला, डोळे मिटलेले, तोंड जरासं उघडं. श्वाससुद्धा तो असा घेत होता की शर्टाची घडी हलली नव्हती.

"हा कोण?" सरांनी शनिवारी विचारलं.

"आमचे हे."

"शटर किती वेळ उघडं होतं?"

"दोन मिनिटं."

"दोन मिनिटं जिवंत माणूस असा उभा राहत नाही, मावशी. पुतळा ठेवलात की काय?"

"पुतळा असता तर घरची कामं तरी ऐकली असती," मावशी म्हणाली, आणि वर्ग हसला. पण सर त्या फोटोवरून नजर काढेनात. म्हणाले, "चार मिनिटं करून बघा. टिकतोय का बघू तुमचा पुतळा."

सोमवारी रात्री वारा होता. रस्ता रुंद, दोन्ही बाजूंना बंद दुकानं, आणि रस्त्यात साठसाठ पावलांवर तीन व्हॉल्व्ह, प्रत्येकाच्या चेंबरवर लोखंडी झाकण. मावशीनं मधल्या झाकणावर ट्रायपॉड मांडला, कारण तेवढीच जागा सपाट होती आणि डुगडुगत नव्हती. कॅन लटकवून ती माप घेत होती, तोवर कानसेन पलीकडच्या व्हॉल्व्हवर ऐकून आला आणि आता अलीकडच्या व्हॉल्व्हवर, दिव्याखाली, उभा राहिला. तिनं शटर उघडलं. कॅमेऱ्यावरचा छोटा लाल दिवा लागला.

मिनिट झालं, दुसरं झालं. तो हलला नाही. तिसऱ्या मिनिटाला त्याच्या कपाळावर जराशी आठी आली एवढंच. ऐकणाऱ्या माणसाकडे इतका वेळ ती आयुष्यात कधी बघत बसली नव्हती. घरात तो बोलायचा, चिडायचा, वर्तमानपत्राच्या घड्या चुकवायचा. इथे मात्र त्याचं सगळं अंग कान झालं होतं. पायाच्या अंगठ्यापासून मानेपर्यंत कुठेही जास्तीचा टाका नव्हता. ज्याला आपण जेवायला वाढतो तो माणूस आपल्या कामात इतका मोठा आहे, हे कळायला तिला शटर चार मिनिटं उघडं ठेवावं लागलं.

चौथं मिनिट जवळजवळ भरलं तेव्हा तो कांब घेऊन निघाला. तिच्या दिशेनं आला, मधल्या झाकणापासून पाचसहा पावलांवर थांबला, लाल दिव्याकडे पाहिलं, आणि वळला. 'शहाणा झाला हो माझा नवरा,' असं तिच्या मनात आलं. चेंबरला वळसा घालून त्यानं पावलं मोजली आणि थोड्या अंतरावर पिवळी फुली मारली.

तो सोमवारचा फोटो आता लेकीच्या घरी आहे. त्यात बाप दिसतो. आई दिसत नाही, ती कॅमेऱ्यामागे आहे. पण ती चार मिनिटं तीही तेवढीच न हलता उभी होती, हे लेकीला त्या फोटोत दिसतं.

मंगळवारी सकाळी दहाला मुकादम दारात आला. चहा नको म्हणाला, तेव्हाच मावशीनं मशीन थांबवलं.

"कानसेन, काल फुली मारलीस ना, रुंद रस्त्याला..."

"हो. लागलं?"

"छातीभर खोदलं. दोन्ही बाजूंनी चार चार हात. नळ ठणठणीत आहे. माती कोरडी."

कानसेननं हातातलं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

"असू दे रे. तेवीस वर्षांनी एक. आमच्याकडे महिन्याला एक निघतो."

"आवाज होता," कानसेन म्हणाला. "दोन्हीकडे सारखा होता." आणि मग आवाज खाली आणून, "असं मला वाटलं."

मुकादम गेल्यावर त्यानं चमचा घेतला आणि पेल्याच्या काठावर वाजवला. उजव्या कानापाशी वाजवला, मग डाव्या. मावशी मशीनवर बसल्या बसल्या बघत होती. बराच वेळ तो वाजवत राहिला, आणि मग चमचा धुऊन जागेवर ठेवला.

"कान गेले," तो म्हणाला. "बरंच झालं. वेळेवर गेले."

त्या रात्री आणि बुधवारी तो कामावर गेला, पण एकही फुली मारली नाही. एकेका व्हॉल्व्हवर तीन तीनदा कांब लावायचा, काढायचा, पुन्हा लावायचा. बाजाराच्या मागच्या गल्लीत तर अकरा मिनिटं उभा राहिला आणि रंगाचा डबा न उघडताच पुढे निघाला.

"आहे का काही?" मावशीनं न राहवून विचारलं.

"असेलही. नसेलही."

हे उत्तर तिनं त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. घरी येऊन तिनं फोटो उघडले आणि तिच्या लक्षात आलं की एकही धड नाही. दिवा धड होता, रस्ता धड होता, भिंतीवरची वीट न् वीट मोजता येत होती. नवरा मात्र पुसला गेला होता. मान हलली होती, खांदे हलले होते, चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग होता. तिच्याकडे चांगले फोटो नऊ झाले होते. तीन हवे होते, शुक्रवारी दुपारी सगळे द्यायचे होते, आणि ज्याचे काढायचे तो माणूस उभा राहणंच विसरला होता.

गुरुवारी दुपारी वारा सुटला. गेले दोन दिवस हवा पडलेली होती म्हणून कॅन पिशवीतच राहिला होता. आज लागेल म्हणून मावशीनं तो उचलला, आणि हात एकदम वर गेला. कॅन हलका होता. मानेपर्यंत भरलेल्या कॅनमध्ये निम्मंसुद्धा पाणी नव्हतं. ती प्यायली नव्हती, त्यानं हात लावला नव्हता, आणि पिशवी कोरडी ठक्क होती. म्हणजे जे गेलं ते पिशवीत यायच्या आधी गेलं.

तिनं ट्रायपॉड न्हाणीघरात मांडला, कॅन पुन्हा भरून हुकाला लावला आणि बसून राहिली. पट्ट्यानं लटकवलं की कॅन जरा आडवा होत होता. झाकणाच्या आट्यांमधून शिवणाच्या दोऱ्याएवढी धार निघाली, ट्रायपॉडच्या पायाला चिकटून, थेंबही न उडवता, खाली उतरली. सोमवारी तो पाय चेंबरच्या लोखंडी झाकणावर होता. झाकण उचलायला मधोमध भोक असतं. पाणी रस्त्यावर सांडलंच नव्हतं. ते त्या भोकातून खाली, थेट नळावर, चार मिनिटं आणि त्याच्या आधीही कितीतरी वेळ पडत राहिलं होतं.

तिनं झोपलेल्या नवऱ्याला हलवलं. "अहो, उठा."

"काय जळलं?"

तिनं सगळं सांगितलं. त्याला न्हाणीघरात नेऊन धार दाखवली. त्यानं धारेकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"चांगलं सुचलं तुला."

"सुचलं नाही. झालंय."

"झालं असेलही. पण ते मी ऐकलं, याला पुरावा काय? इतकी वर्षं संसार केलायस. माझ्यासाठी तू कॅनला भोकसुद्धा पाडशील, मला माहितेय." त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "झोपू दे. रात्री जायचंय."

मावशी पायांत चप्पल सरकवून थेट मुकादमाच्या चौकीत गेली. मुकादमानं सगळं ऐकून घेतलं, वही उघडली आणि पेनचं टोपण चावत बसला.

"वहिनी, मला पटतंय. पण इथे लिहू काय? 'कॅन गळत होता असं वहिनी म्हणतात'?"

"लिहू नका. करून बघा. आज रात्री त्याच जागी मी पाणी सोडते, त्यांना पाठमोरं उभं करा. ऐकू आलं तर आलं."

"आणि नाही आलं तर? आता निदान शंकेला जागा आहे त्याच्या मनात. आज सगळ्यांसमोर नाही आलं तर काय घेऊन घरी बसेल तो?"

मावशीनं हाही विचार येताना वाटेत केला होता. "येईल," ती म्हणाली.

"आणि तुमचे ते फोटो? तीन राहिलेत म्हणाला. उद्या द्यायचेत ना?"

"राहतील."

रात्री एकला रुंद रस्त्यावर पाच जण जमले: मुकादम, कोरडा खड्डा खोदणारे दोन गडी, मावशी आणि कानसेन. बुजवलेल्या खड्ड्याची माती अजून ताजी होती.

"हा काय खेळ मांडलाय?" कानसेन म्हणाला.

"खात्याचा हुकूम समज," मुकादम म्हणाला. "तू तिकडे तोंड करून उभा राहा. पाण्याचा आवाज आला की हात वर. थांबला की खाली. मागे बघायचं नाही."

कानसेन अलीकडच्या व्हॉल्व्हवर गेला, पाठ फिरवली, कांब टेकवली. मावशी मधल्या झाकणावर ट्रायपॉड मांडून गुडघ्यांवर बसली. कॅन लटकवून चालणार नव्हतं. पाणी सोडायचं आणि थांबवायचंही होतं. आणि धार किती बारीक हे फक्त तिलाच ठाऊक होतं. म्हणून दोन्ही हातांत कॅन धरून ती ट्रायपॉडच्या पायावर वाकली. कॅमेरा फुटपाथवर पिशवीत बंद होता.

मुकादमानं खूण केली. तिनं कॅन तिरका केला. दोऱ्याएवढी धार पायावरून उतरली आणि भोकात गेली.

हात वर झाला नाही.

दहा सेकंद गेले, वीस गेले. एका गड्यानं दुसऱ्याकडे पाहिलं. मुकादमानं जमिनीकडे पाहिलं. मावशीचे हात भरून आले, पण धार तिनं जाड होऊ दिली नाही. लबाडी करायची असती तर याच क्षणी करता आली असती.

मग हात वर आला, अर्धवट, उत्तराची खात्री नसलेल्या पोरासारखा. तिनं धार थांबवली. हात खाली गेला.

दुसऱ्यांदा तो लवकर आला. तिसऱ्यांदा आणखी लवकर. चौथ्यांदा मुकादमानं खूणच केली नाही. तीन मिनिटं सगळे नुसते उभे राहिले, आणि हात खालीच राहिला. पाचव्यांदा त्यानं गड्याला फावडं आपटायला लावलं, हात खालीच. मग त्यानं मावशीला चिमटीनं दाखवलं, अगदी थोडं, आणि तिनं धार न धरता नुसते थेंब सोडले, एकामागून एक. साठ पावलांवर दिव्याखाली हात वर गेला, कोपरातून सरळ, आणि थांबला.

"बाप रे," खोदणारा गडी पुटपुटला.

मावशीनं मान वर केली. नवऱ्याची पाठ आता हलत नव्हती. पाय रुतल्यासारखे, मान किंचित कलती, शर्टाची घडी जिथल्या तिथे. दिवा कुठे आहे, किती पावलं, किती मिनिटं, सगळं माप तिच्या डोक्यात आपोआप तयार झालं. असा फोटो तिला पुन्हा मिळणार नव्हता. तिचे दोन्ही हात ओले होते आणि कॅनमध्ये गुंतलेले होते. ती थेंब सोडत राहिली.

मुकादमानं विजेरीच्या उजेडात, गुडघ्यावर वही उघडली. कानसेन कपाळाचा घाम पुसत आला.

"कोरडा खड्डा खोडतो," मुकादम म्हणाला.

"खोडू नका. खड्डा कोरडाच होता."

"मग काय लिहू, बाबा?"

"खाली लिहा. पाणी होतं, नळाचं नव्हतं. बाहेरचं पाणी चेंबरमध्ये पडत होतं." त्यानं वहीवर बोट ठेवलं. "आणि हेही लिहा, की मधल्या व्हॉल्व्हवर कांब लावली नाही. लावली असती तर जागीच कळलं असतं. ती चूक माझी."

"अरे, जाता जाता कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोस?"

"मागून येणारा वाचेल."

"मागून यंत्रं येणारेत. ती वाचत नाहीत."

"ती चालवणारा वाचेल की."

मुकादमानं सुस्कारा टाकून लिहिलं. "आणि का लावली नाहीस? तेही घालू?"

कानसेननं बायकोकडे पाहिलं. तिच्या पदराला पाणी लागलं होतं, गुडघ्यांना माती. मधल्या झाकणापाशी तो वळला तेव्हा त्यानं काय सोडून दिलं होतं, हे तिला आत्ता कळत होतं.

"घाला," तो म्हणाला. "फोटो चालू होता."

गडी हसले, मुकादमही हसला. लिहायचं ते मात्र त्यानं लिहिलं. मावशीला हसू आलं नाही. तिनं ट्रायपॉड मिटला आणि पदर पिळला.

शुक्रवारी तिनं नऊच फोटो दिले. सरांनी मोजले, पुन्हा मोजले, तीन फोटोंचे गुण कापले आणि उरलेल्या गुणांत तिला पास केलं. तिनं कारण सांगितलं नाही; कारण सांगून गुण मागणं तिच्या स्वभावात नव्हतं.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या रात्री मुकादम आणि गडी गेल्यावर कानसेननं कांब खांद्यावर टाकली. "चल लवकर. चारपर्यंत तीन रस्ते आहेत, आणि काल मी एक तसाच सोडलाय."

बाजाराच्या मागच्या गल्लीत दिवा एकच होता, पण चांगला होता. मावशीनं पिशवी खाली ठेवली आणि ट्रायपॉडचा पहिला पाय ओढला. कानसेननं कांब टेकवली, डोळे मिटले, आठदहा श्वास ऐकलं. पुढच्या व्हॉल्व्हवर गेला, तिथेही तेवढंच. चालत मधे आला, रस्त्यावरच कांब लावली.

"इथे," तो म्हणाला, आणि फुली मारून डब्याचं झाकण बंद केलं.

"अहो, थांबा ना जरा! माझा दुसरा पायसुद्धा उघडला नाही अजून."

"मग तू हळू आहेस," कानसेन म्हणाला, आणि पुढच्या रस्त्याला लागला.